ओल्या खोबऱ्याची भुतं

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला मुलांसोबत करायला ही भुतं सोपी. खवताना करवंटीजवळ थांबा. तपकिरी पाठ आली की भूत मळकट दिसतं. २ वाट्या खोबरं आणि १ वाटी साखर मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की गॅस बंद करून पाव वाटी दूध पावडर मिसळा. लवकर उतरवलं तर भूत बसकं होतं, जास्त आटलं तर भुगा. भुगा झालाच तर चमचाभर दूध घालून पुन्हा गरम करा.

साखरेचा चटका वाईट, म्हणून कोमट झाल्यावरच मुलांच्या हाती द्या. तळव्याला तूप लावून शंकू वळायचे. डोळ्यांना मनुक्याचे तुकडे; लवंग नको, लहान मुलं तशीच चावतात.

रक्तासाठी अमृत कोकम स्टीलच्या भांड्यात निम्मं आटवा. आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) वापरू नका, खारट असतं. हे थेंब खाण्याच्या अगदी आधी सोडा, नाहीतर ते खोबऱ्यात पसरून भुतं गुलाबी होतात. दमट हवेत भुतांना पाणी सुटतं, त्यामुळे राहिलेली घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.