शेतकरी घरातील आजीचे आयुष्य लिहून ठेवताना

आजी गेल्यानंतर तिच्याविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसांकडून ‘कष्टाळू’, ‘मायाळू’ आणि ‘देवभोळी’ हे तीन शब्द हमखास ऐकू येतात. हे शब्द खोटे नसतात, पण ते कोणाच्याही आजीला लावता येतात आणि म्हणूनच त्यांतून आपली आजी हाती लागत नाही. महाराष्ट्रातील शेतकरी घरात राबलेल्या बाईचे आयुष्य लिहायचे असेल, तर तिच्या स्वभावापेक्षा तिच्या कामापासून सुरुवात करावी, कारण तिचे दिवस, तिचे निर्णय आणि तिचे शब्द कामातच साठलेले असतात.

आजी हयात असेल तर तिला समोर बसवून मुलाखत घेण्याचा घाट घालू नये. मी पहिल्यांदा फोन पुढे धरून ‘तुझं बालपण कसं होतं?’ असे विचारले, तेव्हा ‘कसलं आलंय बालपण’ एवढेच उत्तर मिळाले आणि ती उठून गोठ्याकडे गेली. पुढच्या खेपेस शेंगा फोडता फोडता विचारले की बियाणे कशात ठेवायचीस, तर राखेत घोळलेले बी, कडुनिंबाचा पाला, शेणाने सारवलेली कणगी आणि ती फोडायचा दिवस कोण ठरवायचे, इथपर्यंत ती दीड तास बोलत राहिली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मीच’ असे होते. घरातले सारे निर्णय आजोबांचे असत, असे तोवर आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून प्रश्न विचारावेत ते हाताशी येणारे: पहाटे उठल्यावर पहिले काम कोणते, दळण किती पायलीचे, पाणी कुठून आणि किती खेपा, मोटेवर कोण असे आणि दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला कोण, सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने कामाला, कोणाच्या वावरात जायची, बाळंतपणानंतर किती दिवसांनी पुन्हा शेतात गेली. ती वापरील तोच शब्द लिहावा. एकाच कामाला कुठे खुरपणी, कुठे भांगलण तर कुठे निंदण म्हणतात, आणि यांपैकी तिच्या तोंडी कोणता शब्द आहे, यावरून तिचे माहेर कोणत्या भागातले हेही कधीकधी कळते. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख आणि बसलेल्या माणसांची नावे मोठ्याने सांगावीत, पंखा बंद ठेवावा आणि त्याच रात्री अनोळखी शब्दांची यादी करून दुसऱ्या दिवशी तिलाच अर्थ विचारावा.

तारखांची अडचण बहुतेक घरांत येते. ज्यांना शाळेत घातले त्यांची जन्मतारीख बहुधा गुरुजींनी 1 जून लावलेली असते आणि ज्या शाळेत गेल्याच नाहीत त्यांचे वय अदमासाने लिहिलेले असते. अशा वेळी साल विचारू नये, घटना विचारावी. गांधीहत्या झाली त्या जानेवारी 1948 मध्ये लग्न झाले होते का. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अंगावर कोणते मूल होते. बहात्तरच्या दुष्काळात थोरला चालत होता की रांगत होता. दोन-तीन घटनांच्या मध्ये एखादी गोष्ट पकडता आली की साल एक-दोन वर्षांच्या फरकाने निश्चित होते आणि तेवढे पुरेसे असते. घटनाही भागाप्रमाणे निवडाव्यात, कारण लातूर-धाराशिवकडील घरात 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप ही काळाची सर्वांत पक्की खूण असते.

1972 च्या दुष्काळावर मात्र रेंगाळावे. खडी फोडायला, पाझर तलावाच्या वा रस्त्याच्या कामावर ती गेली होती का, मजुरी कोणाच्या हातात पडे, दुष्काळात वाटलेली सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी घरात कशी खाल्ली गेली, जनावरे विकली की कोणाकडे धाडली, हे सविस्तर विचारावे. स्वतःची जमीन असलेल्या अनेक घरांतील बायका तेव्हा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हजेरीपटावर कामाला गेल्या, आणि ही गोष्ट घरातले पुरुष सहसा सांगत नाहीत.

यानंतर कागद पाहावेत. सातबाऱ्यावरील गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाच्या नावावर हे कळते, तर नमुना 12 मध्ये कोणत्या वर्षी कोणते पीक किती क्षेत्रात होते हे कळते. त्यामुळे ‘त्या वर्षी कपाशी लावली होती’ यासारखी आठवण पडताळता येते. जुने उतारे आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, तलाठी किंवा तहसील कार्यालयात मिळतात आणि अनेक जिल्ह्यांतील ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. आजीचे नाव शोधताना ते तिच्या स्वतःच्या नावाने एकटे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. जुन्या कागदांत ‘भ्रतार’ किंवा ‘जौजे’ असे लिहून पुढे नवऱ्याचे नाव येते, आणि लग्नात नाव बदललेले असल्यास माहेरच्या कागदांत ती वेगळ्याच नावाने असते.

वारसाच्या फेरफाराची तारीख आवर्जून टिपावी. पुष्कळ घरांत आजोबा वारल्यावर मुलांच्या नावांबरोबर तिचे नाव प्रथमच उताऱ्यावर चढते. त्या तारखेतून लग्नाचे साल वजा केले, की आपल्या नावावर नसलेल्या जमिनीत तिने किती वर्षे काढली, ते समजते. तशीच दुसरी बाजू माहेरची आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांची वारस मानले आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तरी भावांसाठी हक्कसोड करून, म्हणजे आपला वाटा सोडून दिलेल्या आज्या घरोघरी सापडतील. तिने सही किंवा अंगठा कोणत्या वर्षी दिला आणि त्या दिवशी तिला काय सांगण्यात आले होते, हे तिच्याच शब्दांत लिहावे. भाऊबंदांना राग येईल या भीतीने ही जागा कोरी सोडू नये, पण कोणावर निवाडाही करू नये.

ओव्या येत असतील तर त्या म्हणून घ्याव्यात, आणि शक्य असल्यास जात्याच्या खुंट्याला हात लावूनच, कारण हात फिरू लागला की ओळी आपोआप येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील शेकडो गावांतून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतील बहुसंख्य अशाच साध्या बायकांच्या होत्या. आजीने आपल्या माणसांची नावे कोणत्या ओवीत गुंफली आणि कोणाचे नाव टाळले, याकडे कान द्यावा.

आजी गेली असेल तरी काम थांबत नाही. मुलांपेक्षा आधी तिच्या जावा, नणंदा, माहेरच्या बहिणी आणि तिच्याबरोबर खुरपायला बसणाऱ्या बायका गाठाव्यात. मुलांना आई आठवते. या बायकांना मात्र ती सून, मैत्रीण आणि कधी भांडखोर शेजारीणही म्हणून आठवते. गोधडी असेल तर ती उलगडून प्रत्येक तुकडा कोणत्या लुगड्याचा, हे त्यांनाच विचारावे. गेलेली मुले, टाकलेली बहीण, कर्ज यांविषयी कळले तर ते लिहून ठेवावे, मात्र हयात माणसाला बाधेल असा मजकूर छापील प्रतीत न घेता वेगळ्या वहीत ठेवावा.

लिहिताना जन्मापासून आरंभ करण्याची गरज नाही. ज्या कामाविषयी सर्वांत जास्त हाती लागले, त्या कामाने आरंभ करावा. मुखपृष्ठावर सासरच्या नावाआधी माहेरचे नाव द्यावे. कच्चा मजकूर छापण्याआधी घरातील सर्वांत वृद्ध बाईला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ती ‘असं नव्हतं’ म्हणाली की तिचे म्हणणे खोडून न काढता समासात तिच्या नावाने नोंदवावे. प्रत्येक प्रतीच्या शेवटी आठ-दहा पाने कोरी बांधून घ्यावीत आणि एक प्रत माहेरी पाठवावी. आमच्याकडे ती परत आली, तेव्हा त्या पानांवर लग्नाआधीची दोन नांगरटीची वर्षे लिहिलेली होती.