लिव्हरमध्ये कॅन्सर पसरलाय का हे ऑपरेशनआधी कसं बघतात, कुठली टेस्ट कधी आणि कशासाठी

मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की डॉक्टरांची नजर आधी लिव्हरकडे जाते, कारण आतड्यातलं बहुतेक रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून थेट लिव्हरमध्येच येतं आणि मग पुढे हृदयाकडे जातं. मग घरचे विचारतात की सोनोग्राफी झाली, सीटी झाला, आता परत एमआरआय कशाला, आणि पेट स्कॅनमध्ये सगळंच दिसतं ना मग तोच एकदा करून टाकू. तसं होत नाही. सर्जनला चाकू हातात घ्यायच्या आधी कळायला हवं असतं की गाठी किती आहेत, नेमक्या कुठल्या भागात आहेत, लिव्हरच्या बाहेर काही आहे का आणि कापून उरलेलं लिव्हर पेशंटला पुरेल का, आणि हे सगळं एकट्या कुठल्याच मशीनला जमत नाही. खाली मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरबद्दलच लिहितोय, कारण लिव्हरमधल्या गाठी काढून पेशंट बरा व्हायची शक्यता त्यातच जास्त असते.

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. किमो सुरू व्हायच्या आधी विचारा, "डॉक्टर, लिव्हरचा एमआरआय आत्ताच करून घ्यायचा का?" किमोने गाठी आक्रसतात, काही तर सीटीवर दिसेनाशाच होतात आणि घरात पेढे वाटायची वेळ आल्यासारखं वाटतं, पण दिसेनाशी झाली म्हणजे मेली असं नाही, बऱ्याचदा त्याच जागी जिवंत पेशी शिल्लक असतात आणि किमो थांबल्यावर परत डोकं वर काढतात. आधीचा चांगला एमआरआय नसेल तर सर्जनने ती जागा शोधायची कशी? त्यात किमोची औषधं लिव्हरलाही सोडत नाहीत, इरिनोटेकानने चरबी साठू शकते, ऑक्सालीप्लाटिनने लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. चरबीवालं लिव्हर सीटीवर मुळातच काळपट दिसतं आणि गाठही काळपट, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच सीटी कमी पडतो.

आता एकेक टेस्ट.

सोनोग्राफीबद्दल फार लिहित नाही. सोपी आहे, रेडिएशन नाही, पण १ सेंटीमीटरच्या आतल्या गाठी सहज सुटतात, गॅस आड येतो, जाड पेशंट असेल किंवा लिव्हरमध्ये चरबी असेल तर अजून अवघड, आणि प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) कोणाच्या हातात आहे त्यावर बरंच अवलंबून. सोनोग्राफीत लिव्हर नॉर्मल आलं म्हणून ऑपरेशनचा प्लॅन ठरत नसतो. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी हा मात्र वेगळा प्रकार आहे, त्यात शिरेतून गॅसचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात, ते रक्तवाहिन्यांतच राहतात आणि किडनीवर लोड येत नाही. पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीतून ते पटकन निघून जातात आणि गाठ काळी पडते. एखाद्याच डागाबद्दल शंका असेल तर याने बऱ्याचदा निकाल लागतो.

सीटी हा सगळ्याचा पाया, पण सीटी म्हणजे नुसतं मशीनमध्ये झोपणं नाही, कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उजळवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिल्यावर कितव्या सेकंदाला फोटो घेतला यावर सगळा खेळ आहे. लिव्हरला रक्त दोन रस्त्यांनी येतं, साधारण पाऊण भाग पोर्टल व्हेनमधून आणि पाव भाग हिपॅटिक आर्टरी या धमनीतून, आणि कॅन्सरची गाठ मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर जगते. म्हणून इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांनी, पोर्टल व्हेनमधून कॉन्ट्रास्ट भरून लिव्हर उजळलेलं असतं तेव्हा आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी त्यात काळपट उठून दिसतात. किडनीचा कॅन्सर, मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) यांच्या गाठींना रक्तपुरवठा जोरात असतो, त्या ३५ सेकंदांच्या आसपास आर्टरीच्या फेजमध्ये चमकतात आणि ७० व्या सेकंदाला लिव्हरमध्ये मिसळून जाऊ शकतात. आता रिक्वेस्ट फॉर्मवर नुसतं "सीटी ॲब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट" लिहिलेलं असेल तर टेक्निशियनला हे कळणार कुठून? तेव्हा मूळ कॅन्सर कुठला, किमो किती झाली, आधी कुठलं ऑपरेशन झालंय हे फॉर्मवर आहे ना ते बघा, नसेल तर काउंटरवर सांगून लिहून घ्यायला लावा. जमलं तर छातीचा सीटीही त्याच वेळी उरकतात, फुप्फुसं बघायची असतातच.

जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा, पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर किडनी बघून थांबवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, स्वतःच्या मनाने बंद करू नका. इंजेक्शन जाताना अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, लघवी झाली की काय असंही वाटतं. झालेली नसते, घाबरू नका.

सीटीच्या रिपोर्टमध्ये "फार लहान, नक्की सांगता येत नाही" अशा अर्थाचं वाक्य आलं की लोकांची झोप उडते. बारीक डाग खूप जणांच्या लिव्हरमध्ये असतात, सिस्ट म्हणजे पाण्याच्या पिशव्या असतात, हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी असतात, आणि कॅन्सर पेशंटमध्येही असे बरेच डाग निरुपद्रवीच निघतात. पण ऑपरेशन करायचं असेल तर बहुतेकवर भागत नाही, आणि इथेच एमआरआय लागतो.

लिव्हरच्या एमआरआयमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक डिफ्युजन, त्यात पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते बघतात, कॅन्सरच्या गाठीत पेशी दाटीने असतात म्हणून पाणी अडकतं आणि तो भाग चमकतो. दुसरी म्हणजे लिव्हरसाठीचा खास कॉन्ट्रास्ट, गॅडोक्झेटिक ॲसिड, प्रिमोव्हिस्ट नावाने ऐकला असेल. याचा जवळपास अर्धा भाग लिव्हरच्या पेशी स्वतः उचलतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. साधारण २० मिनिटांनी फोटो घेतला की निरोगी लिव्हर पांढरं दिसतं आणि पसरलेल्या कॅन्सरमध्ये लिव्हरच्या पेशीच नसल्याने तो काळा. या दोन्ही मिळून १ सेंटीमीटरच्या आतल्या गाठी पकडायला सीटीपेक्षा बऱ्याच चांगल्या. अर्थात काळं दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, सिस्ट आणि हिमँजिओमाही या फेजला काळेच दिसतात, त्यांना ओळखायला बाकीच्या सिरीज बघाव्या लागतात, म्हणून एकच फोटो मोबाईलवर काढून कोणाला पाठवू नका. २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत कॅमिनो नावाचा अभ्यास आला, त्यात सीटीवर ऑपरेशनचा किंवा सुईने उष्णता देऊन गाठ जाळायचा प्लॅन ठरलेल्या पेशंटचा एमआरआय केल्यावर ३१ टक्के जणांचा प्लॅन बदलला. म्हणजे सीटी झालाय मग एमआरआय कशाला, याचं उत्तर हे.

एमआरआय नीट येणं निम्मं पेशंटच्या श्वासावर आहे. पंधरा-वीस सेकंद श्वास धरायचा, परत सोडायचा, परत धरायचा, असं बरंच वेळा, आणि लिव्हर श्वासासोबत वरखाली होतं म्हणून जरा हललं तरी फोटो धुरकट. दोन दिवस आधीपासून घरी पडून प्रॅक्टिस करा, खरंच उपयोग होतो. हा कॉन्ट्रास्ट जाताना काही जणांना क्षणभर श्वास अपुरा पडल्यासारखं वाटतं, ते माहीत असलं की माणूस दचकत नाही. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही असेल तर बुकिंगलाच सांगा. आणि कावीळ असेल, बिलिरुबिन बरंच वाढलेलं असेल, तर लिव्हर हा कॉन्ट्रास्ट नीट उचलत नाही, मग तो २० मिनिटांचा फोटो फिका येतो, ते आधी डॉक्टरांशी बोला.

पेट सीटी मुख्यतः लिव्हरच्या बाहेर बघायला. लांबच्या लिम्फ नोड्समध्ये, हाडांत, पोटाच्या आतल्या अस्तरावर काही आहे का, कारण तिथे पसरलं असेल तर लिव्हरचं मोठं ऑपरेशन करण्यात बऱ्याचदा अर्थ राहत नाही. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जास्त ओढणारा भाग चमकतो, पण लिव्हर स्वतःच साखर ओढतं त्यामुळे बारीक गाठी त्यात बुडतात, म्युसिनवाल्या म्हणजे चिकट स्राव भरलेल्या गाठी साखर कमी घेतात, आणि किमो नुकतीच झाली असेल तर जिवंत गाठही थंड दिसू शकते. म्हणून पेटमध्ये लिव्हर क्लिअर आलं या भरवशावर एमआरआय टाळणं मला तरी पटत नाही. जायच्या आधी ४ ते ६ तास उपाशी, फक्त साधं पाणी, आणि साखर २०० च्या वर असेल तर बऱ्याच ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरला बहुतेक वेळा हा साखरेचा पेट नाही, गॅलियम डोटाटेट नावाचा वेगळा पेट लागतो.

सुई टाकून बायोप्सी का करत नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. गाठ काढता येण्यासारखी असेल आणि स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल तर सहसा टाळतात, कारण सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडायचा धोका थोडा का होईना असतो.

रिपोर्टमध्ये सेगमेंट १ ते ८ असे आकडे दिसतील, ते लिव्हरचे भाग, आणि गाठ हिपॅटिक व्हेनला, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेला, किती खेटून आहे हेही लिहिलेलं असतं. सीटीवरूनच उरणाऱ्या लिव्हरचं माप काढतात, निरोगी लिव्हर असेल तर साधारण २० टक्के उरलं तरी चालतं, बरीच किमो झाली असेल तर ३०, सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब झालेलं) असेल तर ४० धरतात. कमी पडत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन आधी बंद करतात, मग दुसरी बाजू काही आठवड्यांत वाढते आणि परत सीटी करून मोजतात.

सगळ्या स्कॅनच्या सीडी जपा, नुसते कागद नाही, किमोआधीची सीडी तर हरवूच नका, रेडिओलॉजिस्ट जुनं आणि नवं शेजारी लावून बघतो तेव्हाच खरं कळतं. शेवटचा स्कॅन आणि ऑपरेशन यात महिन्याच्या वर गेला तर परत करायला सांगतील, त्यात फसवणूक नाही, गाठी थांबून राहत नाहीत. आणि ऑपरेशनच्या टेबलावरही सर्जन लिव्हरवर थेट प्रोब ठेवून सोनोग्राफी करतात, तेव्हा कधीकधी आधी न दिसलेली गाठ सापडते. तशी सापडली तर तीही काढणार, जाळणार, का थांबणार, हे संमतीच्या फॉर्मवर सही करायच्या आधी विचारून घ्या.