पिचरला पाच फूट मागं नेताना

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, किती लांबून टाकतो ते मोजायला आधी टेप आणा. पावलांनी मोजू नका, मी तसं मोजून तोंडावर पडलोय. परभणीजवळच्या आमच्या शाळेत वीस पावलं टाकून फक्कीची रेघ मारली, वर्षभर लेकरं झकास टाकत होती. जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र आमच्या पिचरचा बॉल कॅचरच्या (बॅटरमागं बसून झेलणाऱ्याच्या) पुढ्यात टप्पा खायला लागला. "सर, हात तर तोच हाय, बॉल का खाली पडायलाय?" परत येऊन टेप लावला, तर ५६ फूट! पाहिजे ६० फूट ६ इंच.

होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या जमिनीतल्या पाटीच्या) मागच्या टोकापासून पिचरच्या रबरी पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत हे अंतर धरा. डायमंडचा, म्हणजे चार बेसच्या चौकोनाचा, मध्य काढून पट्टी ठोकाल तर ती तीन फुटांहून जास्त मागं जाईल. बारा वर्षांच्या आतल्यांना एवढं लांब नकोच, त्यांना ४६ फूट पुष्कळ.

हे पाच फूट भल्याभल्यांना जड गेलेत. अमेरिकेत बम्पस जोन्स नावाचा पिचर होता. मोठ्या लीगमधली त्याची पहिलीच मॅच, १५ ऑक्टोबर १८९२. सिनसिनाटीकडून त्यानं पिट्सबर्गला एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) मिळू दिली नाही, ७-१ नं जिंकला. तेव्हा पिचरचा मागचा पाय प्लेटपासून साडेपंचावन्न फुटांवर असायचा. १८९३ साली नियम बदलून अंतर साडेसाठ झालं. जोन्सचा सूर परत लागलाच नाही. एकूण २ विजय, ४ पराभव, खेळ खलास. पोरांना मी हा माणूस आवर्जून सांगतो, विक्रमवाल्यांपेक्षा जास्त.

म्हणून एका दिवसात मागं नेऊ नका. आठवड्याला एक फूट. बॉल खाली बसायला लागला की पोरगं ताकद लावतं, खांदा तिथंच जातो. त्याला जोर नाही, नेम बदलायला सांगा. ग्लोव्हऐवजी कॅचरचा खांदा बघून टाक म्हणावं. पिचरचं पुढचं पाऊल स्वतःच्या उंचीपेक्षा थोडं कमी पडलं पाहिजे. ते जिथं पडतं तिथं काळ्या मातीत दोन दिवसांत खड्डा होतो आणि तोल जातो. मुरूम टाका, पाणी मारा, चोपून घ्या. पावसाळ्यात बुटाला गोळे चिकटले की सराव बंद, उगं हट्ट नको.

मोजणीला मी खिशात खडे ठेवतो. दर दहा बॉलला एक खडा खाली. पाच खडे संपले की पोरगं कितीही "अजून एक, सर" म्हणो, बॉल माझ्या हातात.