फ्लॅक फाइली लहान करताना या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भजन मंडळाच्या ४० जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, साथीला पेटी, टाळ आणि खंजिरी. सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये. मग मंडळींच्या फोनसाठी १२८ केबीपीएसच्या एमपी३ केल्या. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती किलोबिट डेटा, यालाच बिटरेट म्हणतात. त्या कॅसेटींत खंजिरी वाजवणारे शेजारचे काकाजी ऐकून म्हणाले, "माही खंजिरी पाण्यात वाजून राहिली का रे?"

बरोबर होतं त्यांचं. थाप पडली की आवाज एका क्षणात उसळतो. एमपी३ मात्र आवाजाचे छोटे तुकडे करून ते दाबते. बिटरेट कमी असला की थापेचा गोंगाट त्या तुकड्यातल्या आधीच्या शांततेतही सांडतो. 'छन्न'चं 'श्श्श' होतं. नुसतं प्रवचन असेल तर १२८ चालून जातं. टाळ-खंजिरीला नाही चालत.

मग मी घाईत आणखी मोठी चूक केली. त्याच १२८च्या फाइलींच्या ३२० केल्या. आकार अडीचपट झाला, आवाज तसाच. एकदा गेलेला तपशील बिटरेट वाढवून परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा दाबताना थोडा आणखी जातो. लहान फाइल दरवेळी मूळ फ्लॅकवरूनच करा. नाव बदलून शेवटी '.एमपी३' लिहिल्यानं तर काहीच होत नाही, आतला डेटा फ्लॅकचाच राहतो.

कुणी दिलेली फ्लॅक खरंच सीडीवरून केलेली आहे का अशी शंका असेल तर ती ऑडेसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, बघा. प्रत्येक गाण्यात १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर ती बहुधा एमपी३वरून बनवलेली आहे.

सेटिंग कोणतं? लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीबीआर (गरजेनुसार बदलणारा बिटरेट) आणि त्यातली व्ही२ ही दर्जाची पातळी निवडा. सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास पडते आणि तासाभराची कॅसेट साधारण ८५ एमबीत बसते. फोनवरच ऐकायचं असेल तर ओपस हा नवा फॉरमॅट १२८ केबीपीएसवर उत्तम, जागाही कमी. पण गाडीतला जुना स्टिरिओ ओपस ओळखत नाही. समृद्धी महामार्गावर पेनड्राइव्ह मुका निघाला तर दोष ड्राइव्हचा नसतो, फॉरमॅटचा असतो.

आवाज मोठा हवा म्हणून रेकॉर्डिंग शून्य डेसिबलपर्यंत, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेपर्यंत, ताणू नका. दाबताना शिखरं थोडी वर उसळतात आणि फाटतात. एक डेसिबल जागा सोडा.

स्टिरिओवर भजनाच्या नावाऐवजी भलतीच अक्षरं दिसली तर टॅग (फाइलीत लिहिलेली नावाची माहिती) आयडी३ या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत, युटीएफ-१६ या अक्षरसंकेतात जतन करून पाहा. चौकोनच दिसत राहिले तर त्या यंत्रात देवनागरी फॉन्टच नाही. नावं रोमनमध्ये लिहा.

एमपी३ झाल्या म्हणून फ्लॅक पुसू नका, हे मी हात जोडून सांगतो. तासाच्या कॅसेटची फ्लॅक साधारण ३०० एमबी, म्हणजे आमच्या ४० कॅसेटी १२ जीबीत मावल्या. एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरी वर्ध्याला बहिणीच्या घरी. मूळ कॅसेटींपैकी काहींची फीत आता सुटायला लागली आहे, त्या पुन्हा वाजवता येणार नाहीत.