नेट नसतानाही तास पार पडावा म्हणून: एका विज्ञान शिक्षिकेची तयारीची यादी

सगळ्यात आधी एक मोकळा तास काढा आणि ज्या वर्गात शिकवायचं आहे त्याच वर्गात जाऊन उभे राहा. प्लग कुठे आहे, एक्स्टेंशन बोर्डाची वायर टेबलापर्यंत पोचते का, खिडकीतल्या उजेडात प्रोजेक्टरचं चित्र शेवटच्या बाकावरून दिसतं का, मोबाईलला रेंज नेमकी कुठल्या कोपऱ्यात मिळते, हे सगळं वहीत टिपून ठेवा. स्टाफरूममध्ये नेट चांगलं चालतं म्हणून वर्गातही चालेल असं धरू नका. २०२० साली आपल्या गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणातल्या गावांतली मुलं ऑनलाइन वर्गांसाठी रेंज शोधत डोंगरावर जात होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आजही जुलैत पाऊस कोसळायला लागला की लाईट जाते आणि तिच्या मागोमाग नेटही जातं. माझा एक तास असाच गेला. दहावीला विद्युतधारा शिकवायची होती, सगळं थेट वेबसाइटवरून दाखवायचं ठरवलं होतं, आणि चाळीस मुलं पडद्यावर फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसली. तेव्हापासून शक्यतो जे घरून उतरवून आणता येतं तेच वर्गात वापरते. यंदा नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांनी मोफत साधनांबद्दल विचारलं, म्हणून माझ्या वहीतली तयारी इथे सविस्तर लिहिते आहे.

विज्ञानासाठी माझ्याकडे पहिलं नाव ‘फेट’चं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळायचे आभासी प्रयोग, पूर्ण मोफत आहेत. नवी सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि पेनड्राइव्हवरून कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात. प्रत्येकाच्या पानावर भाषांतरांची यादी असते, तिथे मराठी आहे का ते बघा. अनेकांचं मराठी भाषांतर झालेलं आहे. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही फाइली उतरवा. हे मी आग्रहाने सांगते, कारण आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी शाळेत शिकून येतात आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीत सुरू होतात. आठवी-नववीपर्यंत काहींचं इंग्रजी सुधारतं, काही मात्र गप्प बसायला शिकतात. गप्प बसलेल्या मुलाला विज्ञान येत नाही असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तो शब्दापाशी अडलेला असतो.

ओहमच्या नियमाचं सिम्युलेशन घ्या. उघडल्यावर ४.५ व्होल्ट, ५०० ओहम आणि ९ मिलिअँपिअर दिसतात. रोध वाढवला की समीकरणातलं रोधाचं आर हे अक्षर मोठं होत जातं आणि धारेचं आय लहान होतं. पहिली पाच-सात मिनिटं मी मराठी फाइल लावते आणि काही बोलत नाही, मुलांनाच बोलायला सांगते. एकदा वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, रोध वाढला की धारा आटते.” उन्हाळ्यात ओहोळ आटतो तशी. याहून चांगलं वाक्य मला सुचलं नसतं. मग तीच गोष्ट इंग्रजी फाइलवर दाखवली. रेझिस्टन्स, करंट, व्होल्टेज हे शब्द आता त्याला नावं म्हणून कळत होते, कारण वस्तू आधीच ओळखीची झाली होती. क्रम उलटा केलात तर हे होत नाही. आधी इंग्रजी आणि मग अडलं तर मराठी, असं केलं की मराठी ही ढ मुलांची सोय आहे असा संदेश वर्गात जातो. तो जाऊ देऊ नका.

यासाठी शब्दांची तयारी आदल्या आठवड्यात करावी लागते. महाराष्ट्राच्या बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवी ते दहावीच्या विज्ञानाची मराठी पुस्तकं पीडीएफच्या रूपात मोफत मिळतात. अभ्यासक्रम आपला नाही, पण विद्युतधारा, विभवांतर, अपवर्तन, अंतर्वक्र आरसा असे रूढ शब्द वापरासकट सापडतात. त्यात नाही मिळाला तर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, मराठी विश्वकोशही आहे. प्रत्येक धड्याचे पाच-सहाच शब्द निवडा आणि तीन रकाने आखा: इंग्रजी, मराठी आणि तिसरा घरच्या बोलीचा. भरती-ओहोटी शिकवताना हाय टाइड, लो टाइड लिहा, भरती, ओहोटी लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात मुलांना सांगू द्या. ओहोटीला कोणीतरी ‘सुकती’ म्हणेलच. कोकणी विश्वकोशाचे खंड गोवा विद्यापीठाने मुक्त परवान्याखाली खुले केले आहेत, तेही या तिसऱ्या रकान्यासाठी चाळून पाहण्यासारखे आहेत.

पाठ्यपुस्तकांचं काम थोडक्यात होतं. नववी-दहावीला आपल्या गोवा मंडळाची विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्राची पुस्तकं एनसीईआरटीची आहेत आणि ती प्रकरणवार पीडीएफमध्ये एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर मिळतात. आवृत्ती मात्र तपासा. काही प्रकरणं गाळल्यानंतर क्रमांक बदलले, दहावीच्या विज्ञानातलं विजेचं प्रकरण पूर्वी बारावं होतं ते आता अकरावं आहे. जुने व्हिडिओ जुन्या क्रमांकाने असतात आणि मुलं घरी भलताच धडा बघून येतात. ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ला सुरू झालं. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलने वाचला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. त्याच्या अ‍ॅपमध्ये साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. सगळंच चांगलं नाही, स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय वर्गात लावू नका.

प्रयोगांसाठी अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक यांनी केलेले ‘ओलॅब्स’ हे संगणकावरचे आभासी प्रयोग चांगले आहेत, पण ते प्रयोगाआधीच्या उजळणीसाठी. परीक्षानळी हातात घ्यायचा तास त्यांनी भरून काढू नका. साहित्याची टंचाई असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर जा. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी शेकडो खेळणी तिथे आहेत आणि मराठी पुस्तकंही मोफत उतरवता येतात. एखादं खेळणं मुलांकडून करून घेतलंत की त्या दिवशी पडद्याची गरजच राहत नाही.

गणितवाल्यांनी ‘जिओजेब्रा’ हे आलेख-आकृत्यांचं सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर आधीच बसवून घ्यावं, ते नेटशिवाय चालतं. २००१ साली ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने ते बनवायला घेतलं, आज जगभर वापरतात. दहावीच्या बहुपदींसाठी वर्गबहुपदीचा आलेख काढा आणि स्थिरपदाला स्लायडर जोडा. स्लायडर सरकवला की वक्र वर चढतो, दोन शून्यं जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि मग नाहीशी होतात. फळ्यावर यासाठी आलेख चार वेळा पुसावा लागतो. ‘डेस्मॉस’ हा ऑनलाइन आलेख काढायचा कार्यक्रमही सुंदर आहे, पण मी तो घरी बसून आकृत्या बनवायलाच वापरते.

भूगोलाच्या सरांनी मला गूगल अर्थ प्रो दाखवलं आणि मी त्याच्या प्रेमात पडले. ते मोफत आहे आणि त्यात जुनी उपग्रहचित्रं वर्षानुसार पाहता येतात. पेडण्यातलं मोपाचं पठार विमानतळाआधी कसं होतं आणि नंतर कसं झालं, दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. २०२३च्या जानेवारीत तिथून विमानं सुटू लागली, आणि दहावीत बसलेल्या पेडण्याच्या मुलांनी तो बदल स्वतः पाहिलेला असतो. दिवाडी आणि चोडण बेटांवरची खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, वरून दाखवा, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) ओळखायला लावा. ज्यांच्या घरी खाजन आहे ती मुलं तुम्हालाच शिकवतील, त्यांना पुढे येऊ द्या. म्हादई उगमाकडून खाली आणत मांडवीच्या मुखापर्यंत दाखवायची असेल तर घरी आठ-दहा स्क्रीनशॉट काढून क्रमाने ठेवा, वर्गात नेटवर भरवसा नको. इस्रोचं ‘भुवन’ हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळही याच कामाला येतं.

मुलांना कळलं का, हे तपासण्यासाठी गूगल फॉर्म्स, कहूत वगैरे आहेत, पण त्यांना प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो. आपल्याकडे अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडील कामावरून येईपर्यंत घरी नसतो. म्हणून मी ‘प्लिकर्स’ वापरते. मुलांच्या हातात फक्त कागदाचं कार्ड असतं. ते कुठली बाजू वर करून धरलं यावर उत्तर ठरतं, आणि शिक्षकाचा एक मोबाईल सगळ्या वर्गावरून फिरवला की उत्तरं नोंदली जातात. नेहमीच्या संचात चाळीस कार्डं आहेत. छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, चकचकीत लॅमिनेशन करू नका, कारण उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. याला मोबाईल डेटा लागतो, तेव्हा पहिल्या दिवशी शोधून ठेवलेला रेंजचा कोपरा आठवा. कोणाचं चुकलं हे बाकीच्यांना कळत नाही, आणि गप्प बसणारी मुलं कार्ड मात्र न लाजता उचलतात.

कुठल्याही साधनात मुलांची नावं भरण्याआधी थांबा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. मी फक्त हजेरी क्रमांक भरते, नाव-जन्मतारीख-फोटो काहीच नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गुण टाकत नाही. चित्रं हवी असतील तर विकिमीडिया कॉमन्सवरून परवाना बघून घ्या आणि चित्राखाली छायाचित्रकाराचं नाव लिहा, मुलांनाही तीच सवय लागते. ‘मोफत’ लिहिलेल्या अनेक सेवांमध्ये काही दिवसांनी पैसे मागतात, त्यामुळे कार्डाचा नंबर मागणाऱ्या ठिकाणी नोंदणीच करू नका.

संगणक कक्षात नेट अजिबात नसेल तर ‘कीविक्स’ बसवून घ्या. विकिपीडिया, मराठीसुद्धा, पेनड्राइव्हवरून वाचता येतो, आणि फेटची सिम्युलेशन्सही त्यात मिळतात. एवढ्या मोठ्या फाइली उतरवायला रात्रभर लागू शकते. हे काम मे महिन्याच्या सुट्टीत उरका.

आदल्या रात्री लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. वायफाय बंद करून प्रत्येक फाइल एकदा उघडा. जी उघडणार नाही ती उद्या वर्गातही उघडणार नाही. फाइलींना धड्याचा क्रमांक आणि भाषा अशी नावं द्या, म्हणजे मुलांसमोर शोधाशोध होत नाही. पेनड्राइव्ह दोन ठेवा. एचडीएमआय केबल स्वतःची न्या, शाळेची नेहमी दुसऱ्या वर्गात असते. लहान स्पीकर, प्रोजेक्टरचा रिमोट आणि त्याच्या बॅटऱ्या पिशवीत टाका. शेवटी, लाईट गेलीच तर तोच मुद्दा खडूने कसा मांडणार, त्याची आकृती वहीत एकदा काढून बघा. पस्तीस मिनिटांच्या तासात पडद्याला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. उरलेल्या वेळात मुलांना लिहू द्या, विचारू द्या.

तास संपला की स्टाफरूममध्ये चहाआधी दोन ओळी लिहा: काय चाललं, काय अडलं, कोण बोललं. तीन रकान्यांच्या कागदावर मुलांनी सांगितलेले नवे शब्द भरून घ्या. गणेशचतुर्थीच्या सुट्टीआधी तो कागद आणि पेनड्राइव्हची एक प्रत विज्ञान कक्षाच्या कपाटात, डाव्या खणात ठेवते. पुढच्या वर्षी कोणीही दहावी घेतली तरी तिथून उचलावी.