दोन लेपर्ड गेकोंची ओळख कशी करून द्यायची, आणि भांडले तर काय करायचं

आधीच सांगते, मला विचाराल तर एका टँकमध्ये एकच गेको (लेपर्ड गेको म्हणजे अंगावर ठिपके असलेली, हौसेने पाळतात ती पाल). पण आमच्याकडे न्यू जर्सीत मुलींच्या हट्टापायी दोन आल्या, मिरची आणि भाकरी (आई व्हिडिओ कॉलवर अजून विचारते, पैसे देऊन पाली कोण आणतं गं), त्यामुळे ज्यांना दोन ठेवायच्याच आहेत त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात पहिलं नर की मादी ते बघा. पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघायचं, शेपटीच्या मुळाशी व्ही आकारात मेणचट ठिपक्यांची रांग आणि त्याच्या मागे दोन फुगवटे दिसले तर नर. पिल्लू असताना हे नीट कळत नाही, सहाएक महिने तरी थांबावं लागतं. ब्रीडर म्हणतात अंडी 26-27 अंशांवर उबवली म्हणजे मादीच, ते बहुतेक वेळा खरं निघतं कारण यांचं लिंग तापमानावर ठरतं, पण बहुतेक म्हणजे नक्की नाही ना. दोन नर कधीच एकत्र नको, ते जीव जाईपर्यंत भांडू शकतात. नर-मादी ठेवलेत तर अंडी येणारच, आणि एकदा मीलन झालं की मादी महिनोन्‌महिने दोन-दोन अंडी घालत राहते, त्यात तिची पार दशा होते. म्हणजे राहिल्या फक्त दोन माद्या, त्याही साधारण एकाच वजनाच्या.

नवीन आलेलीला निदान दोन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, खायला द्यायचा चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, आणि वेटकडून (प्राण्यांच्या डॉक्टरकडून) शी तपासून घ्या. क्रिप्टो नावाचा परजीवी असतो, त्यावर खात्रीचा इलाज नाही, शेपटी वाळून काडी होते. इथे घाई करू नका प्लीज.

मग टँक. तीन फूट बाय दीड फूट तरी हवा आणि सगळं डबल, म्हणजे उबदार बाजूला दोन लपायच्या जागा, थंड बाजूला दोन, ओलसर मॉस (शेवाळ) घातलेले डबे दोन, वाट्याही दोन. उबदार बाजूच्या जमिनीचं तापमान 32-33 अंश, थर्मोस्टॅट लावूनच. जुनीच्याच टँकमध्ये नवीला सोडणार असाल तर आधी सगळं धुऊन सामान इकडचं तिकडे करा, नाहीतर जुनी मालकीणबाई होऊन बसते.

ओळख संध्याकाळी करायची, कारण तेव्हाच त्या जाग्या होतात, आणि दोघींचं पोट भरलेलं असताना. पहिले काही दिवस फक्त पंधरा-वीस मिनिटं, तीही तुम्ही समोर बसून, आणि रात्री परत आपापल्या घरी. एकमेकींना जिभेने चाटून बघितलं आणि निघून गेल्या तर उत्तम. शेपटी वर करून मांजरीसारखी हळूहळू हलवली, पाय ताठ करून पाठ कमानीसारखी केली किंवा चिरकल्यासारखा आवाज काढला तर त्या दिवशी तिथेच बंद.

आणि आता माझी चूक. मिरची-भाकरी एकीवर एक झोपायच्या आणि आम्ही फोटो काढत बसलो, किती गं प्रेम म्हणून! प्रेम कसलं, उबदार जागा एकच चांगली होती आणि मिरची तिच्यावर कब्जा करून बसलेली असायची. रक्त नाही, चावा नाही, म्हणून शंकेची पाल चुकचुकलीच नाही (घरात दोन असून!). भाकरी 52 ग्रॅमवरून 44 वर आली तेव्हा कुठे डोळे उघडले. म्हणून किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि लिहून ठेवा, मील वर्म (त्यांच्या खाण्यातल्या अळ्या) समोर बसून वेगवेगळे भरवा. एक सतत कोपऱ्यात, खात नाही, शेपटी बारीक होतेय, म्हणजे भांडण चालूच आहे, फक्त आवाज नाही.

खरंच चावाचावी झाली तर हात घालू नका आणि शेपटी तर अजिबात ओढू नका, तुटून हातात येते. मधे पुठ्ठा सरकवा, एकीवर टॉवेल टाका. त्याच दिवशी वेगळं करायचं, कायमचं, ‘अजून एक चान्स’ वगैरे नाही. जखम पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसा, खाली वाळू असेल तर काढून साधे पेपर टॉवेल घाला आणि ते रोज बदला. शेपटी तुटली तर नवीन येते, गुबगुबीत कांद्यासारखी, पण चरबीचा साठा गेलेला असतो म्हणून खायला नीट द्या. डोळ्याजवळ किंवा बोटाला चावा असेल, सूज किंवा पू असेल तर सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांचा वेट.

आता दोघींचे टँक शेजारी शेजारी आहेत. पहिल्या आठवड्यात मिरची काचेतूनही शेपटी हलवून दम देत होती, मग मधे पुठ्ठा लावला. भाकरी परवा 57 ग्रॅम भरली.