रक्ताचे विकार आणि कर्करोग कसे ओळखावे: परीक्षेसाठी उजळणीचा क्रम

परीक्षेतील प्रश्न बहुधा रुग्णाचे वय, त्याचा सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) आणि स्मिअरमधील (काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तातील) एखादे निरीक्षण देऊन निदान विचारतो. म्हणून उजळणीही रोगांच्या यादीवरून न करता, रिपोर्ट ज्या क्रमाने वाचायचा त्याच क्रमाने करावी.

प्रथम तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी किती घटक बिघडले आहेत ते पाहावे. केवळ हिमोग्लोबिन कमी असल्यास एमसीव्हीकडे (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) वळावे. तो ८० फेमटोलिटरच्या खाली असेल, तर लोहाची कमतरता की थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक विकार) हा प्रश्न उभा राहतो आणि येथे घाई करू नये. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागल्यावर येणारा मेंट्झर निर्देशांक १३ च्या वर असल्यास लोहाची कमतरता, खाली असल्यास थॅलेसेमिया संभवतो. परंतु हा अंदाजच असून, लोहासाठी फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) आणि थॅलेसेमियासाठी ३.५ टक्क्यांहून अधिक हिमोग्लोबिन ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) पाहिल्याशिवाय निदान पक्के मानू नये. दोन्ही विकार एकत्र असल्यास ए२ प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते, हा बारकावा अवश्य लक्षात ठेवावा. एमसीव्ही १०० च्या वर आणि न्यूट्रोफिलच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) केंद्रकाला पाचांहून अधिक खंड असतील, तर बी१२ किंवा फोलेटची कमतरता समजावी.

यानंतर पांढऱ्या पेशी पाहाव्यात. स्मिअरमध्ये ब्लास्ट (अपरिपक्व रक्तपेशी) दिसल्यास तीव्र ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) विचार करावा. त्यांत ऑअर रॉड (पेशीतील काडीसारखे कण) असतील तर तो मायलॉइड (लिम्फोसाइटखेरीज इतर रक्तपेशींच्या वंशातील) प्रकारचा असतो. त्याचाच एक उपप्रकार, प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, मी सर्वांत आधी पाठ करायला सांगेन. १५ आणि १७ या गुणसूत्रांतील स्थानांतरामुळे (तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे) होणाऱ्या या आजारात रक्तस्रावाने रुग्ण काही तासांतही दगावू शकतो, म्हणून जनुकीय अहवालाची वाट न पाहता, केवळ संशयावरून एटीआरए हे औषध सुरू करतात.

ब्लास्ट फारसे नसून मायलॉइड पेशींच्या सर्व अवस्था दिसत असतील, बेसोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) वाढलेले असतील आणि प्लीहा मोठी असेल, तर सीएमएल (दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया). त्याची खूण म्हणजे ९ आणि २२ यांतील स्थानांतरातून बनलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र. वृद्धाच्या रक्तात परिपक्व लिम्फोसाइट आणि स्मज पेशी (स्मिअर करताना फुटून पसरलेल्या पेशी) भरपूर असल्यास सीएलएल (दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमिया). पाठदुखी, रक्तक्षय, वाढलेले क्रिएटिनिन आणि कॅल्शियम एकत्र आल्यास मल्टिपल मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) समजून प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करणारी चाचणी) करावे. हॉजकिन लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कर्करोग) मात्र लसिकाग्रंथीच्या बायोप्सीत रीड-स्टर्नबर्ग नावाच्या मोठ्या पेशी शोधाव्या लागतात.

शेवटी प्लेटलेट. त्या कमी असून स्मिअरमध्ये तुटक्या तांबड्या पेशी दिसल्यास पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) पाहावे: दोन्ही वाढलेले असतील तर डीआयसी (शरीरभर रक्त गोठण्याची अनियंत्रित प्रक्रिया), सामान्य असतील तर टीटीपी (लहान रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या होणारा आजार). टीटीपीमध्ये जिवावर बेतणारा रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवणे टाळतात आणि प्लाझ्मा बदलण्याचा उपचार तातडीने सुरू करतात.